नागपुरात राहून फेस्टिवलच्या सिनेमात पडद्यामागे काम करायचंय? साउंड आणि डेटापासून सुरुवात करा

उन्हाळा लागला की मला नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडच्या पोरापोरींचे फोन येतात. कुणीतरी छोट्या बजेटचा सिनेमा करतंय, तिथं लागू का, काय शिकायला मिळेल? बहुतेकांना डायरेक्शन किंवा कॅमेरा हवा असतो. मी सगळ्यांना सांगते, आधी साउंड किंवा डेटाकडे, म्हणजे शूट झालेल्या फाइली सांभाळायच्या कामाकडे, जा.

त्याचं कारण सरळ आहे. स्वतंत्र सिनेमाचं युनिट लहान असतं. डायरेक्टरचे सहायक त्याचे जुने मित्र असतात, कॅमेरामन मुंबई-पुण्याहून स्वतःची माणसं घेऊन येतो. साउंड रेकॉर्डिस्ट मात्र पुष्कळदा एकटाच येतो आणि त्याला बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला माणूस हवा असतो. डेटा सांभाळायला तर कुणी ठरवलेलंच नसतं. ह्या दोन जागा स्थानिक नवख्या माणसाला मिळतात, आणि सिनेमा फेस्टिवलपर्यंत जाणार की नाही ते बरंचसं इथंच ठरतं. निवड करणारी मंडळी शेकडो सिनेमे लिंकवर, हेडफोन लावून बघतात. चित्र थोडं खरखरीत असलं तर चालवून घेतील, पण संवाद कळला नाही तर सिनेमा तिथंच हातचा गेला.

आता नागपूरचा मे महिना घ्या. पारा 45 च्या वर, घरोघरी कूलर. सिंक साउंडचं शूट, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचे, तर आपला कूलर तर बंद करायचाच, शिवाय डाव्या-उजव्या घरचा, मागच्या गल्लीतला आणि वरच्या मजल्यावरचाही. हे काम साउंडच्या असिस्टंटकडे येतं. आदल्या संध्याकाळी सगळ्या घरी जाऊन ओळख करून घ्यायची, चहा घ्यायचा, किती वाजता किती वेळ लागेल ते खरंखरं सांगायचं. ऐन टेकच्या वेळी दार वाजवलं तर, "काय होऊन राहिलं बाप्पा सकाळपासून?" एवढं ऐकून परत यावं लागतं. आदल्या दिवशी जाऊन, "काकू, उद्या सकाळी दहा-दहा मिनिटं कूलर बंद ठेवता काय? मी खालून हात दाखवीन," असं सांगितलं असेल तर त्याच काकू दुसऱ्या दिवशी बाकीच्या घरांनाही आवाज देतात. टेक झाला की लगेच हात दाखवून कूलर सुरू करायला सांगायचं, विसरायचं नाही. भर उन्हाळ्यात लोकांनी आपल्यासाठी सोसलेली ती दहा मिनिटं असतात.

कूलर बंद झाले की कोकिळा ऐकू येते. पहिल्या टेकमध्ये ती आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात मधेच सुरू झाली, तर एडिटरला हे तीन टेक जोडता येत नाहीत. म्हणून सीन संपल्यावर कोकिळेचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचा, आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं करून निदान अर्धा-एक मिनिट खोलीची शांतता घ्यायची. तिला रूम टोन म्हणतात. पॅक अपच्या घाईत फर्स्ट एडी (सेटवरचं वेळापत्रक सांभाळणारा मुख्य सहायक) नको म्हणेल, तरी ती मागून घ्यायची. अजनी किंवा इतवारीच्या बाजूला शूट असेल तर मालगाड्यांच्या शिट्ट्या आहेतच. कोणत्या टेकच्या कोणत्या वाक्यावर शिट्टी आली ते साउंड रिपोर्टमध्ये लिहा. सहा महिन्यांनी मिक्सिंगला बसलेल्या माणसाला त्या एका ओळीचा फार आधार होतो.

एका आवाजाची मात्र वेगळी काळजी घ्या. लांबून लाउडस्पीकरवर वाजणारं सिनेमाचं गाणं टेकमध्ये आलं तर तो हक्काचा प्रश्न होतो. फेस्टिवलच्या फॉर्मवर संगीताचे सगळे हक्क आपल्याकडे असल्याचं लिहून द्यावं लागतं. गल्लीत लग्न आहे का, मंडप पडलाय का, हे रेकीच्या वेळीच, म्हणजे जागा बघायला जाल तेव्हाच, विचारून घ्या.

डेटाचं काम बसल्या जागेचं दिसतं, पण त्यात जबाबदारी मोठी. फोरके प्रोरेस 422 एचक्यू या भारी फॉरमॅटमध्ये सेकंदाला 24 फ्रेमनं शूट केलं तर एका तासाच्या फुटेजला सुमारे 320 जीबी लागतात. फाइली नुसत्या ओढून कॉपी करू नका. चेकसम जुळवणारं, म्हणजे कॉपी मूळ फाइलीसारखी तंतोतंत आहे का ते तपासणारं, सॉफ्टवेअर वापरा, आणि दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी तपासून झाल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉर्मॅटला (पुसायला) देऊ नका, समोर कुणीही कितीही घाई करत असला तरी. भरलेल्या कार्डावर लाल टेप लावली की नजरेला कळतं. तिसरी कॉपी दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसाच्या घरी. नागपुरात ड्राइव्ह आणि बॅटऱ्या बंद गाडीत ठेवायच्या नाहीत, दुपारी आत भट्टी होते. शूट संपल्यावर कुणीतरी विदर्भ एक्स्प्रेसनं ड्राइव्ह घेऊन मुंबईला जातो. त्याच्या बॅगेत एकच कॉपी जाऊ द्या, बाकीच्या नागपुरातच राहू द्या.

फ्रेम रेटचा प्रश्न पहिल्या दिवसाआधी विचारा, नवीन असलात तरी. थिएटरसाठी बनणाऱ्या डीसीपीचा, म्हणजे सिनेमाच्या शेवटच्या डिजिटल प्रतीचा, रूढ वेग सेकंदाला 24 फ्रेम. 25 वर शूट करून नंतर 24 वर आणलं तर 100 मिनिटांचा सिनेमा 104 मिनिटांचा होतो आणि आवाज खाली उतरतो. तो सावरायचा म्हणजे पुन्हा खर्च.

शूट संपल्यावरचं कागदी काम फार कमी लोकांना करावंसं वाटतं, म्हणून तिथंही जागा असते. फिल्मफ्रीवे या वेबसाइटवरून फेस्टिवलचे अर्ज भरायचे, तारखा सांभाळायच्या. मुदत जवळ आली की फी वाढत जाते, त्यामुळे कोणता फेस्टिवल कधी उघडतो याचा तक्ता ज्याच्याकडे असतो त्याला निर्माता सोडत नाही. स्क्रीनरची, म्हणजे निवड करणाऱ्यांना बघायला द्यायच्या प्रतीची, लिंक पासवर्ड लावून द्या. नवा कट आला तर त्याच लिंकवर फाइल बदला. अर्जातली लिंक मेली तर सिनेमा बघितलाच जात नाही. प्रीमियरचा हिशेब तर सगळ्यात नाजूक. अनेक मोठे फेस्टिवल पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी वर्ल्ड किंवा इंटरनॅशनल प्रीमियर, म्हणजे जगातला किंवा आपल्या देशाबाहेरचा पहिला खेळ, मागतात. कलाकारांना दाखवायचा म्हणून कुणी तो यूट्यूबवर खुला टाकला, तर ते दार बंद होऊ शकतं. लांबीही बघा. कानच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेची मर्यादा 15 मिनिटं आहे, बर्लिनच्या शॉर्ट्सची 30. भारतातल्या फेस्टिवलला सेन्सॉर सर्टिफिकेट नसलेला सिनेमाही दाखवता येतो, त्यासाठीची सूट फेस्टिवल माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून घेतो. गोव्याचा इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, नोव्हेंबरात असतो. त्याच सुमारास 2007 पासून एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार भरतो, आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार आहे, आणि तिथं अपुरे सिनेमेही दाखवले जातात. निदान एकदा डेलिगेट म्हणून जाऊन या. तुमच्यासारखीच कामं करणारी माणसं तिथं रांगेत उभी भेटतात.

आपल्याकडची एक गोष्ट मुंबईच्या प्रॉडक्शनला ठाऊक नसते. झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचे, नट-नट्या दिवाळीनंतर अख्खा हिवाळा रात्र रात्र प्रयोगांत असतात. त्यांना सिनेमात घ्यायचं असेल तर शेड्यूल उन्हाळ्यात लावावं लागतं, म्हणजे पुन्हा कूलर आलेच. हे आधीच सांगणारा माणूस युनिटला मोलाचा वाटतो. तसंच गाव, बोली, परवानगी कुणाकडून काढायची, सकाळी सहाला पन्नास जणांचे तर्री पोहे कोण देईल, हे माहीत असणं म्हणजे आपली खरी कमाई आहे. ती फुकटात वाटू नका, लोकेशन असिस्टंट म्हणून तिचा मोबदला मागा.

पहिलं काम कुठं मिळेल? राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर बॅकस्टेज करा, मास कम्युनिकेशनच्या विद्यार्थ्यांच्या शॉर्ट फिल्मवर बूम धरा. हात वर करून दहा मिनिटं बूम स्थिर ठेवायचा सराव घरी करा. स्वतःचा बंद कानांचा हेडफोन घ्या, भारी नसला तरी चालेल.

पैशाचं आधी बोला. स्वतंत्र सिनेमात दिवसाची रक्कम थोडी असते, कधी नुसतं पेट्रोल आणि जेवण, कधी "सिनेमा विकला गेला की देऊ". त्यावर काम करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण जे ठरेल ते मेलवर लिहून घ्या. श्रेयनामावलीत आपलं पद काय आणि नाव कसं, तेही मराठी अक्षरं आणि इंग्रजी स्पेलिंगसकट त्याच मेलमध्ये पाठवून ठेवा. डीसीपी झाल्यावर नावातलं एक अक्षर सुधारायचं म्हटलं तरी तो भाग पुन्हा बनवावा लागतो, आणि तोवर बजेट संपलेलं असतं.