पन्नाशीनंतरची नोकरी आणि ‘कन्सल्टंट’ नावाचे पत्र

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात माझी जवळजवळ सगळी नोकरी झाली. सुरुवात भोसरीत आणि पुढची वर्षे चाकणला. पन्नाशी ओलांडल्यावर कंपनीच्या पुनर्रचनेत माझे पद रद्द झाले आणि त्यानंतरच्या काळाचा ताण अजूनही पुरता उतरलेला नाही. जे आता या वाटेवर येत आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रेझ्युमे कसा लिहावा, मुलाखतीला काय नेसावे-घालावे, हे तुम्हाला माहीत आहे असे मी गृहीत धरतो.

पहिली गोष्ट स्पष्टच सांगतो. वय हे कारण तुम्हाला कोणीही लेखी देणार नाही. ‘आमच्या गरजेपेक्षा तुमचा अनुभव जास्त आहे’, ‘बजेटमध्ये बसत नाही’, ‘टीम अगदी तरुण आहे’, अशा शब्दांत नकार येतो आणि बहुतेक वेळा तोही येत नाही. अमेरिकेत चाळीस व त्यापुढच्या वयाच्या कामगारांना वयावरून डावलण्यास मनाई करणारा कायदा १९६७ मध्येच झाला. आपल्याकडे खासगी नोकऱ्यांसाठी तसा कायदा नाही. राज्यघटनेच्या १५ आणि १६ या अनुच्छेदांत भेदभावाची जी कारणे निषिद्ध ठरवली आहेत त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहेत, वय नाही. आणि सरकारी भरतीत तर कमाल वयोमर्यादा जाहिरातीतच छापलेली असते. हे अन्यायाचे आहे असे माझे ठाम मत आहे, तरीही तक्रार कोणाकडे करावी याचा शोध घेण्यात पहिले महिने घालवू नका, कारण त्या महिन्यांत घर बचतीवर चालत असते.

नोकरीच्या संकेतस्थळांवर भरती करणारा माणूस अनुभवाची वर्षे आधी ठरवून शोध घेतो. त्याने आठ ते बारा वर्षे अशी मर्यादा घातली, की सत्तावीस वर्षांचा अनुभव लिहिलेला माणूस यादीत दिसतच नाही. त्याला कोणी नाकारलेले नसते, त्याचा रेझ्युमे कोणी उघडलेलाच नसतो. हे समजल्यावर मला मोठा धीर आला, कारण तोपर्यंत प्रत्येक शांतता हा माझ्या कामाविषयीचा निकाल आहे असे वाटत होते. तुम्ही तसे मानू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो. पन्नाशीच्या माणसाला ज्या जागा मिळतात त्यांतल्या बऱ्याच ‘कन्सल्टंट’ किंवा ‘रिटेनर’ म्हणून, म्हणजे पगाराऐवजी फीवर, मिळतात. मलाही तेच सांगण्यात आले: काम तेच, बसण्याची जागा तीच, वेळ साडेआठ ते साडेपाच, महिन्याला ठरावीक रक्कम, आणि ‘सर, सहा महिन्यांनी ऑन-रोल करून घेऊ, सध्या हेडकाउंटची मंजुरी नाही.’ ऑन-रोल, म्हणजे पगारपत्रकावर घेण्याचे, हे वाक्य पत्रात नव्हते आणि ती मंजुरी कधीच आली नाही. त्या पत्रामुळे काय काय हातातून जाते, हे कोणी बसून समजावत नाही, म्हणून मी सविस्तर सांगतो.

सर्वांत आधी भविष्य निर्वाह निधी थांबतो. कंपनीचा वाटा थांबतो हे सगळ्यांच्या लक्षात येते. पण त्याच वाट्यातून १९९५ च्या पेन्शन योजनेत जाणारी रक्कमही थांबते, आणि ती वर्षे पेन्शनच्या सेवेत धरली जात नाहीत. या योजनेचे पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी योजनेतली वर्गणी संपते. ज्यांनी मध्ये नोकऱ्या बदलताना पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतले, त्यांची सेवा आता दहा वर्षांना कमी पडत असू शकते, आणि अशा माणसासाठी कन्सल्टंट म्हणून गेलेली दोन वर्षे म्हणजे कायमचे हुकलेले पेन्शन ठरू शकते. जुना सदस्य पगारावर रुजू झाला, तर त्याचा पगार १५,००० रुपयांहून जास्त असला तरी त्याचे सदस्यत्व पुढे चालू राहते. त्यामुळे ‘तुमचा पगार मोठा आहे, पीएफ लागू नाही’ असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नका.

दुसरे नुकसान ग्रॅच्युइटीचे. नेहमीच्या कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. बावन्नाव्या वर्षी रुजू झालेल्याला निवृत्तीपूर्वी ती पाच वर्षे मिळतात; पण तोच माणूस दोन वर्षे कन्सल्टंट राहून चोपन्नाव्या वर्षी ऑन-रोल झाला आणि कंपनीत निवृत्तीचे वय अठ्ठावन्न असले, तर ती पूर्ण होत नाहीत. तरुण माणसाला दोन वर्षे इकडेतिकडे चालतात, आपल्याला चालत नाहीत. तिसरे नुकसान गट आरोग्य विम्याचे. ज्या वयात रक्तदाब आणि मधुमेह नावावर लागलेले असतात, त्याच वयात नवी वैयक्तिक पॉलिसी घ्यावी लागते आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून जुनी कंपनी सोडण्याआधीच, गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची लेखी चौकशी करा. शेवटचा दिवस उलटल्यावर ही गोष्ट फार अवघड होते.

मग काय मागावे? कायम पद मिळत नसेल तर ‘निश्चित मुदतीचा कर्मचारी’ म्हणून नेमणूक मागा. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्यात मुदतीवरच्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे. कंपनीला कायमचा बोजा नको असतो, तो यात नसतो, आणि तुम्ही मात्र पगारपत्रकावर राहता. एचआरमधल्या व्यक्तीला ही तरतूद माहीत नसेल तर शांतपणे समजावून सांगा. आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

कन्सल्टंट म्हणूनच जावे लागले तर घाबरून जाऊ नका, फक्त रक्कम वेगळ्या हिशेबाने ठरवा. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा आणि विम्याचा हप्ता हे सगळे धरून आकडा सांगितला पाहिजे; जुन्या हातात येणाऱ्या पगाराइतकीच फी मागणे म्हणजे स्वतःहून पगारकपात घेणे. फीमधून १० टक्के कर आधीच कापला जातो, तो विवरणपत्र भरताना हिशेबात येतो. तांत्रिक सल्ल्याच्या व्यवसायाला निम्मी जमा हेच उत्पन्न मानून कर भरण्याची सवलत घेता येते, आणि वर्षाची जमा २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र पहिल्याच आठवड्यात करा. ती मोफत आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने घातले आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. व्याज मागण्याची वेळ सहसा येत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक असला की अकाउंट्स विभाग ते बिल बाजूला ठेवत नाही.

सोप्या वाटांविषयी माझी मते कडक आहेत. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडूनच पैसे मागणाऱ्या एजन्सीला एक रुपयाही देऊ नये. दोन दिवसांत मिळणारी प्रमाणपत्रे आपल्या वयात काही सिद्ध करत नाहीत. त्याऐवजी आपल्याच विषयातला बदल नीट शिकावा, जसे आमच्या क्षेत्रात एफएमईएची (संभाव्य बिघाड आधीच ओळखून त्यांचा धोका मोजण्याची) पद्धत २०१९ च्या नव्या हस्तपुस्तिकेने बदलली आणि अनेक ज्येष्ठ अजून जुन्या आरपीएनच्या (धोक्याच्या अंकाच्या) गुणाकारावरच बोलतात. रेझ्युमेतून पहिल्या दहा वर्षांचा तपशील कमी करणे योग्य आहे, जन्मतारीख न लिहिणेही योग्य आहे, पण खोटी माहिती कधीही लिहू नये, कारण आधार आणि यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) रुजू होताना सगळे उघड करतात.

मार्गदर्शक शोधायचाच असेल तर व्यासपीठावरून उमेद देणाऱ्यांपेक्षा, आपल्या हाताखाली शिकलेली मुले शोधा. ती आज तळेगाव, रांजणगाव, चाकणला व्यवस्थापक आहेत आणि आपले काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. त्यांना फोन करताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही करा, आणि ‘माझ्यासाठी जागा आहे का’ असे न विचारता ‘तुमच्या कोणत्या व्हेंडरकडे रिजेक्शनचा त्रास आहे’ असे विचारा. भोसरीतल्या छोट्या कारखानदारांना ग्राहकाच्या ऑडिटची तयारी करून घेणारा, पीपीएपीची (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची) फाइल पहिल्या खेपेला मंजूर करून आणणारा माणूस हवा असतो, आणि तिथे मालक स्वतः समोर बसतो, त्यामुळे संगणकाची गाळणी मध्ये येत नाही.

अशा मालकाकडे जाताना रेझ्युमेबरोबर एका पानावर तीन कामे लिहून न्या: रिजेक्शन आधी किती होते, कारण काय सापडले, नंतर किती राहिले. जुन्या कंपनीची गोपनीय माहिती त्यात असू नये. मालक बहुधा वीस वर्षांनी लहान असेल आणि विचारेल, ‘सर, आमच्या पोरांच्या हाताखाली चालेल का तुम्हाला?’ त्यावर भाषण न करता, आपण याआधी वयाने लहान प्रमुखाबरोबर कोणते काम कसे पूर्ण केले ते सांगा, आणि लगेच शॉप फ्लोअर दाखवायची विनंती करा. मशीनजवळ उभे राहून झालेले बोलणे केबिनमधल्या बोलण्यापेक्षा आपल्या बाजूने जाते. रकमेचा विषय त्या फेरीनंतर काढा आणि तेव्हाच, कागद तयार होण्यापूर्वी, नेमणूक पगारपत्रकावर आहे की फीवर, हे विचारून घ्या.