रिंगखाली गुण आणि फ्री थ्रोची कमाई

बास्केटबॉलमध्ये फाऊल मिळवायचा म्हणजे डिफेंडरच्या अंगावर धावून जायचं, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. शिट्टी वाजते ती चार्जिंगची, म्हणजे आपल्याच विरुद्ध. डिफेंडर हात उभे ठेवून आपल्या जागेवर सरळ वर उडाला, तर धक्का लागूनही फाऊल त्याचा नाही. आधी त्याला हलवा, मग भिडा.

पोस्टच्या, म्हणजे रिंगजवळ पाठ करून खेळणाऱ्या, खेळाडूने पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) रेषेबाहेर, गुडघे वाकवून, डिफेंडरला पाठीवर अडवून उभं राहावं. पेंटमध्ये रेंगाळला तर तीन सेकंदांचा नियम लागतो, त्याहून जास्त तिथे थांबता येत नाही. पास विंगवरून, म्हणजे कोर्टाच्या बाजूने, डिफेंडरपासून लांबच्या हाताकडे, शक्यतो टप्पा देऊन. समोरून, थेट मधून पास देऊ नका; तो कापला जातो. बॉल मिळताच हनुवटीखाली घ्यायचा, कोपरं बाहेर काढायची, पण फिरवायची नाहीत. मुलं बॉल कमरेपर्यंत खाली आणतात आणि बुटका गार्ड टपली मारून तो घेऊन जातो. पंच काही देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

मग बेसलाइनकडे (रिंगमागच्या शेवटच्या रेषेकडे) ड्रॉप स्टेप, म्हणजे एक पाय मागे टाकून वळणं, एकच जोरकस ड्रिबल, दोन्ही पायांवर थांबणं आणि पंप फेक, म्हणजे शॉटची हुलकावणी. हुलकावणीत बॉल कपाळापर्यंतच न्यायचा. नजर रिंगवर, गुडघे मात्र वाकलेलेच. गुडघे सरळ झाले की उडी संपली. डिफेंडर उडाला, की तो खाली येत असताना खांदा आत घालून वर जायचं. मोकळ्या हाताने ढकललं तर फाऊल आपला. शॉटही खराखुरा हवा, कारण बास्केट झाली तर ती मोजून वर एक फ्री थ्रो, म्हणजे एका गुणाचा बिनअडथळ्याचा शॉट, मिळतो.

सरावात प्रशिक्षकाने पॅड घेऊन रिंगखाली उभं राहावं. दोन्ही बाजूंनी 10-10 शॉट, प्रत्येकाला धक्का. आत गेलेलीच बास्केट मोजा. लगेच, दम लागलेला असतानाच, 2 फ्री थ्रो. हा भाग टाळला तर बाकीची मेहनत वाया: 50 टक्के नेम असेल तर दोन फ्री थ्रोंमागे सरासरी 1 गुण, 70 टक्क्यांना 1.4.

फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत क्वार्टरमधल्या, म्हणजे सामन्याच्या चारपैकी एका भागातल्या, समोरच्या संघाच्या पाचव्या सांघिक फाऊलपासून, शॉट घेतलेला नसला तरी, दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून क्वार्टरच्या पहिल्या मिनिटांतच बॉल आत घाला. समोरच्या संघाच्या उंच खेळाडूवर तीन फाऊल लागले असतील, तर बॉल त्याच्याकडेच न्या. पाचव्या फाऊलला बाहेर जावं लागणार म्हणून तो अंग चोरतो.