चिंचेनं घासलेला कोलंबस

आमच्या घरात पहिलं अमेरिकन नाणं आलं ते गलबतामुळे. हे बोटीवर होते. बोट बाल्टिमोरला लागली असताना एका जुन्या सामानाच्या दुकानात ह्यांना चांदीचं एक काळवंडलेलं नाणं दिसलं. त्यावर शिडाचं गलबत, म्हणून चार-पाच डॉलर देऊन घेतलं. गुहागरला आल्यावर मी ते देवाच्या ताम्हन-पळीबरोबर चिंच आणि रांगोळी लावून लख्ख घासलं, आणि वर कौतुकानं ह्यांना दाखवलंही.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुंबईत नाण्यांच्या प्रदर्शनात ते एका नाणेवाल्याला दाखवलं. त्यानं भिंग लावलं, मान हलवली आणि विचारलं, "काकू, हे घासलं कुणी?" नाणं होतं १८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक जत्रेचं, कोलंबसचं. तिथून मी अमेरिकेची स्मारक नाणी, म्हणजे एखाद्या घटनेची किंवा माणसाची आठवण म्हणून काढलेली नाणी, कशी जमवायची ते शिकायला लागले. तुम्हाला शिकायचं असेल तर माझ्या चुकांपासून सुरुवात करा, स्वस्तात पडेल.

तेव्हा पहिलं हेच, की नाणं घासायचं नाही. चिंच नको, टूथपेस्ट नको, पितांबरी तर नकोच. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यावर एक फिरती चमक असते. नाणं उजेडात कलतं केलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. एकदा घासलं की ती कायमची गेली, मागे उरतात बारीक ओरखडे. वर आलेला काळा, निळा किंवा सोनेरी थर चांदीवर आपोआप चढतो. तो चांगला चढला असेल तर लोक त्याचे जास्त पैसे मोजतात.

आता स्मारक नाणं कशाला म्हणायचं? अमेरिकेत ह्या नाण्यासाठी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागतो. ते चलन असतं, पण दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन विकतात आणि वरची रक्कम एखाद्या संस्थेला किंवा कामाला जाते. हल्ली साधारण अर्ध्या डॉलरमागे ५, चांदीच्या डॉलरमागे १० आणि सोन्याच्या पाच डॉलरमागे ३५ डॉलर. सिल्व्हर ईगल ह्यात येत नाही, ते चांदी साठवणाऱ्यांचं नाणं. मला एकानं ते स्मारक म्हणून विकायचा प्रयत्न केला होता.

जुनी मालिका १८९२ ते १९५४. मग थेट १९८२पर्यंत काहीच नाही, आणि ह्याला कारण नाणी विकून पैसे करणाऱ्यांचा हावरटपणा. ऑरेगन ट्रेलचं, म्हणजे पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्यांच्या जुन्या वाटेचं नाणं १९२६ला सुरू झालं आणि अधूनमधून १९३९पर्यंत निघत राहिलं. सर्वांत मजेशीर १९३६चं सिनसिनाटी. शहर संगीताचं केंद्र झाल्याला पन्नास वर्षं झाली म्हणे, म्हणजे १८८६पासून, आणि नाण्यावर चेहरा कुणाचा? स्टीफन फॉस्टर ह्या गीतकाराचा. तो बिचारा १८६४लाच वारलेला. तीन टांकसाळींतून प्रत्येकी पाच हजारांच्या आसपास नाणी काढली, आणि साठा मोजक्या हातांत. आपल्याकडे हापूसच्या पहिल्या पेट्यांचं जे होतं, तेच.

सुरुवात मात्र कोलंबसच्या अधेलीनं करा. (मी हाफ डॉलरला अधेली म्हणते, ह्यांना ते आवडत नाही.) पुढे कोलंबस, मागे सांता मारिया गलबत आणि त्याखाली पृथ्वीचे दोन गोलार्ध. जत्रेत एका डॉलरला विकायला काढलेली. न खपलेली पुष्कळशी वितळवली आणि बरीच दर्शनी किमतीला बाजारात सोडली. म्हणून झिजलेली कोलंबस आजही सहज मिळते. दुसरं घ्या १९८२चं, घोड्यावरचा जॉर्ज वॉशिंग्टन. नव्या मालिकेतलं ते पहिलं आणि त्यात ९० टक्के चांदी आहे. तिसरं १९८६चं, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं. तेव्हा प्रथमच चांदीचा डॉलर, सोन्याचे पाच डॉलर आणि बिनचांदीची अधेली अशी तिन्ही एकत्र काढली. ती लाखोंनी निघाली. 'दुर्मीळ' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर सरळ उठून या.

नातू बरोबर असेल तर २०१४चं बेसबॉलचं नाणं दाखवा. ते वाटीसारखं खोलगट आहे, अमेरिकेचं तसलं पहिलं. आतल्या बाजूला ग्लोव्ह, बाहेरच्या फुगीर बाजूला चेंडू. माझ्या नातवानं "आजी, कीपरचा दुसरा ग्लोव्ह कुठाय?" म्हणून विचारलं.

घेताना तराजू हाच खरा मित्र. बाजारपेठेतल्या सोनाराकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतो, ओळख असली की तो वजन करून देतो. चांदीची अधेली १२.५ ग्रॅम भरते, झिजलेली थोडी कमी. म्हणजे आत ११.२५ ग्रॅम चांदी. त्या दिवशीचा भाव विचारून गुणाकार केला की निव्वळ चांदीचे किती आणि हौसेचे किती, हे जागेवर कळतं. १९८६ची बिनचांदीची अधेली ११.३४ ग्रॅमची. चांदीचा डॉलर २६.७३. खिशात लोहचुंबक असू द्या, चिकटलं तर तिथेच परत द्या. मागवून घेणार असाल तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो मागा. परदेशातून थेट मागवलंत तर पार्सलवर कस्टम ड्यूटी लागू शकते, ती आधीच हिशेबात धरा. आणि १९२८चं हवाईचं, कॅप्टन कुकचं नाणं कुणी कागदात गुंडाळून आणलं तर हातही लावू नका. ती जेमतेम दहा हजार निघाली होती, नकली मात्र भरपूर. तसलं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी ह्या नाणी तपासून देणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीतच घ्यावं, डबीवरचा नंबर त्यांच्या साइटवर तपासून.

आता आपल्या खऱ्या दुखण्याकडे येते, खारी हवा. देशावरची माणसं कागदी होल्डरमध्ये नाणं घालून चार स्टेपल मारतात आणि विसरतात. आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. एका पावसाळ्यात त्या पिना गंजल्या आणि गंज कागदात उतरला. त्यामुळे मी आता प्रत्येक नाणं त्याच्या मापाच्या कडक प्लास्टिकच्या गोल कॅप्सूलमध्ये ठेवते. अधेलीला ३०.६ मिलिमीटरचं, डॉलरला ३८.१. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे पाकीटवाले अल्बम टाळा. ते पीव्हीसीचे असतात, त्यातून हिरवट चिकटा सुटतो. तसा चिकटा आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये नाणं नुसतं बुडवून ठेवा, चोळू नका, आणि चुलीपासून लांब, उघड्या ओटीवर. नेलपॉलिश काढायचं पाणी चालत नाही, त्यात इतर काहीबाही असतं.

रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद ह्यांनी चांदी काळी पडते. कॅप्सुला घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांची पुरचुंडी, आणि डबा लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. २०२१च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा माझ्या मावसभावाचा अल्बम खालच्या खणात होता. दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलं असं समजा. जुन्या तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. तो तवा मात्र परत भाकरीला घ्यायचा नाही. डबा भरायचा फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी, आणि मृग लागल्यावर दसऱ्यापर्यंत उघडायचा नाही. बघायचा मोह होतोच, म्हणून मी फोटो काढून ठेवलेत. नाणं धरायचं ते कडेनं, खाली मऊ टॉवेल अंथरून. मासे साफ केलेल्या हातांनी तर नाहीच, हे मी ह्यांना अजून सांगते.

सध्या मी १८९३च्या इसाबेलाच्या पावलीच्या मागे आहे. शिकागो जत्रेच्या महिला मंडळानं आग्रह धरून काढून घेतलेली, सुमारे चोवीस हजारच शिल्लक राहिलेली. पुढे स्पेनची राणी, मागे गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई. ह्यांना सांगून ठेवलंय, यंदा पाडव्याला साडी नको.