कॅनडाची पीआर हातात आली, आता लँडिंग कधी करायचं?

पीआर म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना, आणि लँडिंग म्हणजे तो लागू होण्यासाठी तिथे केलेला पहिला प्रवेश. पासपोर्टवर व्हिसा लागून आला की पहिला फोन येतो तो असा: "दोन आठवडे जाऊन लँडिंग उरकून घ्या, मग निवांत शिफ्ट व्हा." कृपा करून हे ऐकू नका. ओळखीतल्या पंधरा-एक कुटुंबांच्या तारखा मी त्यांच्याबरोबर बसून ठरवल्या आहेत. आमची स्वतःची तारीख मात्र याच सल्ल्यापायी चुकली होती.

आधी सीओपीआरवरची, म्हणजे पीआर मंजुरीच्या कागदावरची, लँडिंगची शेवटची तारीख बघा. ती बहुधा मेडिकलपासून एक वर्षाची असते. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर पासपोर्टची. मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका.

मग घरात कुणाचं लग्न ठरतंय का, बाळ होणार आहे का, ते बघा. लँडिंगच्या आधी लग्न झालं किंवा मूल झालं तर ते कळवावंच लागतं. लपवलं तर त्या माणसाला पुढे फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, स्पॉन्सर करायची (तिकडे बोलावून घ्यायची) वाट जवळजवळ बंद होते. आणि लँडिंग करून, परत पुण्यात येऊन, लग्न करून इथूनच जोडीदाराला स्पॉन्सर करू म्हणाल, तर तेही जमत नाही. पीआरवाल्याला स्पॉन्सर करायचं तर कॅनडात राहावं लागतं. लग्न ठरलेलं असेल तर आधी लग्न, मग जोडीदाराचं नाव अर्जात, मग लँडिंग. उशीर होईल, होऊ द्या.

आता खरी अवघड गोष्ट, दिवसांचा हिशेब. पीआर टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. ही ५ वर्षं लँडिंगच्या दिवसापासून सुरू होतात. कार्ड छापल्याच्या तारखेपासून नाही, सामान हलवल्यापासूनही नाही. लोकांना वाटतं, तीन वर्षं बाहेर राहायला मिळतात, म्हणजे भरपूर झालं. ती तीन वर्षं तिकडे गेल्यावर लागतात हो, आई-वडिलांसाठी. पुण्यात नोटीस पिरियड आणि फ्लॅटची विक्री यांत ती घालवू नका.

आम्ही मे २०१२मध्ये टोरोंटोला १५ दिवस जाऊन आलो. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता नवऱ्याचं प्रमोशन आलं, मुलीची दहावी आली, आणि प्रत्यक्ष निघालो डिसेंबर २०१४मध्ये. मे २०१७पर्यंत ७३० दिवस भरायचे, म्हणजे देशाबाहेर राहायला हाताशी उरले जेमतेम १६० दिवस. २०१६मध्ये माझ्या आईचा खुबा मोडला. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. कॅनडाबाहेरच्या प्रत्येक दिवसाभोवती मी लाल पेनाने गोल करत होते. आधीच्या दोन फेऱ्यांत बरेच दिवस गेलेले होते. सात आठवड्यांनी मला निघावं लागलं, तेव्हा आई वॉकर धरून जेमतेम दारापर्यंत आली होती. तिला अजून महिनाभर माझी गरज होती. तो महिना आम्ही २०१२मध्येच खर्चून बसलो होतो.

म्हणून माझं ठाम मत: व्हिसाच्या शेवटच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी, एकदाच, सामानासकट जा. अगदी शेवटच्या दिवसावर ठेवू नका, विमान चुकलं तर सगळंच जातं. सॉफ्ट लँडिंग, म्हणजे नुसतं लँडिंग उरकून परत येणं, करायचं ते व्हिसा संपत असेल आणि हलणं खरोखर अशक्य असेल तेव्हाच. तेसुद्धा शिफ्ट होण्याचा महिना आधी कागदावर लिहून. तो वर्षाच्या पुढे जात असेल तर घरात पुन्हा बोला.

"लवकर लँडिंग म्हणजे सिटिझनशिप लवकर" हेही खरं नाही. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष तिथे राहावं लागतं, पुण्यातले दिवस त्यात धरत नाहीत. "कॅनडाच्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात नोकरी केली तर दिवस मोजतात" हा दुसरा घातक सल्ला. कंपनीने तिथून तुम्हाला ठरावीक काळासाठी बाहेर पाठवलं असेल तर मोजतात. पुण्यातच भरती झालेल्याचे मोजत नाहीत.

पहिल्या ५ वर्षांनंतरही हिशेब सुटत नाही. तेव्हा मागची ५ वर्षं बघतात.

सॉफ्ट लँडिंग करावंच लागलं, तर पीआर कार्ड फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येतं हे लक्षात ठेवा. १८० दिवसांच्या आत पत्ता द्या, आणि तो अशा माणसाचा द्या जो तोवर घर बदलणार नाही. कार्ड हातात नसेल तर कॅनडाला परत जाताना विमानात बसू देत नाहीत. मग भारतातून ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे कार्डाऐवजी परतण्यापुरता कागद, काढत बसावं लागतं.

मागून येणाऱ्या सामानाची यादी पहिल्याच प्रवेशाला द्या, दोन आठवड्यांसाठी गेलात तरी. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, सगळं फोटो आणि सराफाच्या व्हॅल्युएशनसकट लिहा.

तिकीट काढताना मुख्य अर्जदार सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांबरोबर जाईल असं बघा. कॅल्गरीला जायचं असलं तरी लँडिंगचे सोपस्कार कॅनडातल्या पहिल्या विमानतळावरच होतात, तेव्हा पुढच्या विमानाआधी चार तास मोकळे ठेवा. सीओपीआर हातातल्या पिशवीत असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको.