मुलांच्या हाती गिटार देताना या चुका टाळा

मूल दोन महिन्यांत गिटार सोडून देते, तेव्हा दोष त्याच्या चिकाटीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा वाद्यात असतो. कपड्यांप्रमाणे गिटारही वाढत्या मापाची घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. सात-आठ वर्षांच्या मुलाला साधारणपणे अर्ध्या मापाची, नायलॉनच्या तारांची गिटार पुरते. डाव्या हाताचे कोपर वाकलेले असतानाच बोटे पहिल्या फ्रेटपर्यंत, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी खुंट्यांजवळच्या पट्टीपर्यंत, पोहोचली पाहिजेत. आवाज खणखणीत यावा म्हणून अशा गिटारवर पोलादी तारा मात्र कधीही चढवू नयेत, कारण त्यांच्या जास्त ताणाने घोडी, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात ती फळीवरची लाकडी पट्टी, उखडून येते.

तार खरखरली की मूल ती आणखी जोरात दाबते आणि बोटे दुखवून घेते. बोट फ्रेटच्या अगदी मागे, खुंट्यांच्या बाजूने, जवळजवळ चिकटून टेकवले, तर कमी दाबातही सूर स्वच्छ निघतो. तरीही दाबणे जड जात असेल, तर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजावी. ती 4 मिलिमीटरहून जास्त असल्यास घोडीवरचा, तारा टेकतात तो पांढरा तुकडा खालून घासून घेता येतो. कोकणात किंवा गोव्यात हे काम ऐन पावसाळ्यात करू नये, कारण दमट हवेत लाकूड फुगून तारा आधीच वर उचललेल्या असतात आणि हवा कोरडी झाल्यावर खाली येऊन फ्रेटवर आपटू लागतात. नव्या नायलॉन तारांचा सूर काही दिवस सतत उतरतो. तो बिघाड नव्हे.

पहिल्याच आठवड्यात ‘एफ’चा पूर्ण कॉर्ड (एकदम वाजवायचा सुरांचा गट) शिकवण्याचा हट्टही सोडावा, कारण त्यात एका बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात. खालच्या तीन बारीक तारांपैकी मधली तार पहिल्या फ्रेटवर दाबून तिन्ही एकदम छेडल्या, की एका बोटात ‘सी’ वाजतो.

इतिहास सांगताना सनावळी पाठ करून घेणे आणि गिटार कुणा एकाने शोधली असे सांगणे, या दोन्ही चुका सर्रास होतात. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये वाजणाऱ्या गिटारला तारांच्या चार जोड्या असत, पुढे पाच झाल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा सुट्या तारा रुळू लागल्या. त्या काळी तारा आतड्याच्या, म्हणजे ताती होत्या, आणि नायलॉन आले ते थेट 1940च्या दशकात. आजच्या शास्त्रीय गिटारचा घाट बसवणारे आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये मागची बाजू आणि कडा कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवली, ती आवाज मुख्यतः वरच्या, म्हणजे तारांखालच्या, फळीतून येतो हे दाखवण्यासाठी. ही हकीकत सांगून मुलाला आपल्या गिटारची वरची आणि मागची फळी बोटाने ठोकून पाहायला लावावी. तोरेस यांचे ते वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे, त्याचे छायाचित्रही दाखवता येते.