थंड पाण्यात पोहल्यानंतर कुत्र्याचे शेपूट लुळे पडल्यास काय करावे

रविवारी धरणाच्या पाण्यात दोन-तीन तास मनसोक्त पोहून आलेला लॅब्रेडॉर सोमवारी सकाळी उठतो तेव्हा त्याचे शेपूट मागच्या पायांमध्ये सरळ खाली लोंबत असते. तो बसताना कण्हतो, आणि हाक मारल्यावर जवळ आला तरी शेपूट हलवत नाही. अशा वेळी घरातले कोणी हाड मोडले असे समजून घाबरून जाते, तर कोणी कुत्रा रुसला आहे असे म्हणून विषय सोडून देते. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकीचे असतात. ही शेपटाच्या मुळाशी असलेल्या स्नायूंची दुखापत असते. पशुवैद्यकशास्त्रात तिला ‘अक्यूट कॉडल मायोपथी’ म्हणतात आणि कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये ती ‘लिंबर टेल’, ‘कोल्ड वॉटर टेल’ किंवा ‘स्विमर्स टेल’ या नावांनी ओळखली जाते. काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंतच्या काळात बहुसंख्य कुत्रे पूर्ण बरे होतात. मात्र पहिले दोन-तीन दिवस ही दुखापत खरोखर वेदनादायक असते आणि वरवर अगदी असेच दिसणारे काही गंभीर आजारही आहेत, म्हणून पहिल्या दिवशी नीट निरीक्षण करणे सर्वांत महत्त्वाचे ठरते.

शेपूट हा पाठीच्या कण्याचाच पुढचा भाग आहे. त्यात साधारणपणे वीसच्या आसपास लहान मणके असतात. वरच्या बाजूचे स्नायू शेपूट उचलतात, खालचे ते खाली घेतात आणि दोन्ही बाजूंचे स्नायू ते डावी-उजवीकडे वळवतात. पोहताना कुत्रा शेपूट पाण्याच्या पातळीला समांतर धरतो आणि तोल सांभाळण्यासाठी व दिशा बदलण्यासाठी सतत वापरतो, त्यामुळे एरवी आनंदाने हलणाऱ्या या अवयवावर तासन्‌तास कष्टाचे काम पडते. महिनोन्‌महिने व्यायाम नसताना एखाद्या दिवशी अचानक सिंहगड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या मांड्यांची जी अवस्था होते, तीच येथे शेपटाच्या मुळाशी होते, फक्त अधिक तीव्रतेने. अतिश्रमाने सुजलेल्या या स्नायूंना आवरणाच्या आत पसरायला जागा मिळत नाही, रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि स्नायूंचे तंतू दुखावतात, असे या दुखापतीचे स्पष्टीकरण दिले जाते. थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे त्यात भर पडते.

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या ऑबर्न विद्यापीठात इंग्लिश पॉइंटर जातीच्या कुत्र्यांवर झालेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यानंतर लवकर तपासलेल्या रक्तात स्नायूंच्या इजेमुळे वाढणारे क्रिएटिन कायनेज हे द्रव्य किंचित वाढलेले आढळले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहता शेपटाच्या बाजूच्या स्नायूंना सर्वाधिक इजा झालेली दिसली. त्यानंतर 2016 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी हा त्रास झालेल्या 38 लॅब्रेडॉरची तुलना त्रास न झालेल्या 86 लॅब्रेडॉरशी केली. पोहणाऱ्या कुत्र्यांमध्ये, शिकारीसारख्या कामासाठी पाळलेल्या कुत्र्यांमध्ये आणि ब्रिटनच्या अधिक उत्तरेकडील, म्हणजे अधिक थंड भागांत राहणाऱ्या कुत्र्यांमध्ये या त्रासाचे प्रमाण जास्त निघाले. बाधित कुत्रे एकमेकांचे अधिक जवळचे नातलग असल्याचेही दिसले, त्यामुळे काही वंशांमध्ये ही प्रवृत्ती आनुवंशिक असावी असे मानायला जागा आहे. बाधित कुत्र्यांपैकी काही त्याआधी पोहलेलेच नव्हते, ही बाब मला विशेष महत्त्वाची वाटते. नावात ‘थंड पाणी’ असले तरी केवळ जोरदार धावपळ, पावसात भिजणे किंवा लहान पिंजऱ्यात बसून केलेला लांबचा प्रवास एवढ्यानेही शेपूट लुळे पडू शकते.

म्हणूनच महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा विषय फक्त बर्फाळ देशांचा समजू नये. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. आठवडाभर फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसातून दोनदा इमारतीभोवती फिरणारा लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर अशा हवेत एकदम जलाशयात किंवा फार्महाऊसच्या तलावात उतरवला, अथवा त्याला गच्चीवर नळाच्या गार पाण्याने आंघोळ घालून वाऱ्यात ओलाच ठेवला, तर त्याच्या दृष्टीने ते पाणी पुरेसे थंड असते. पावसाळ्यात सह्याद्रीत दिवसभर भिजत चालून मग गाडीच्या डिकीत अंग आखडून घरी येणारे कुत्रेही याच गटात मोडतात. ब्रिटन किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर तळ्याच्या गार पाण्यात पोहणारा कुत्रा ही नेहमीचीच गोष्ट आहे.

लक्षणे ओळखताना

या दुखापतीत वेळेचा क्रम फार बोलका असतो. श्रमानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट अचानक लुळे पडलेले दिसते. आठवडाभर हळूहळू खाली येत जाणारे शेपूट या चित्रात बसत नाही. काही कुत्र्यांचे शेपूट मुळापासूनच लोंबते. काहींचे मुळापासून तीन-चार इंच आडवे ताठ राहते आणि तिथून पुढे खाली पडते. शेपटाच्या मुळावरचे केस उभे राहिलेले दिसू शकतात, कारण आतल्या बाजूला सूज असते. कुत्रा एका कुशीवर कलून बसतो किंवा बसणेच टाळतो, वारंवार जागा बदलतो, शेपटाचे मूळ चाटतो. शौचासाठी पाठ वाकवणे दुखत असल्याने तो पुन्हा पुन्हा प्रयत्न सोडून देतो आणि मालकाला ते बद्धकोष्ठ वाटते. याउलट त्याची भूक बहुधा ठीक असते, चारही पाय व्यवस्थित पडतात आणि लघवी नेहमीसारखी होते.

तपासणी दोघांनी मिळून करावी. कुत्र्याच्या विश्वासातल्या एका व्यक्तीने पुढे बसून त्याचे डोके हलकेच धरावे आणि त्याच्याशी बोलत राहावे, कारण जन्मात कोणाला न चावलेला कुत्राही वेदनेच्या क्षणी दात लावू शकतो. दुसऱ्याने शेपूट उचलून किंवा वाकवून पाहू नये. केस बाजूला करून मुळाशी जखम, चाव्याची खूण किंवा फोड आहे का, शेपटाला मध्येच कोन आला आहे का, गुदद्वाराजवळ सूज, पू किंवा नेहमीपेक्षा वेगळी दुर्गंधी आहे का, एवढेच पाहावे. त्यानंतर घसरत नाही अशा जमिनीवर त्याला सावकाश चालवावे आणि मागचे पंजे नीट उचलून टाकले जातात की जमिनीवर घासतात, हे बाजूने आणि मागून बघावे. त्याच वेळी मोबाइलवर छोटे चित्रीकरण करून ठेवल्यास पुढे डॉक्टरांना फार उपयोग होतो, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा वेगळाच चालतो.

मागचे पाय लडखडत असतील, पंजे घासत असतील, लघवी ठिबकत असेल किंवा नकळत शौच होत असेल, तर थांबू नये. ही मज्जारज्जूच्या शेवटच्या भागातील किंवा तिथून निघणाऱ्या नसांवरील दाबाची लक्षणे असू शकतात आणि त्यात तासांनाही किंमत असते. शेपूट दारात सापडले असेल, कोणी ओढले असेल, गाडीचा धक्का लागला असेल किंवा दुसऱ्या कुत्र्याने चावा घेतला असेल, तर तो अस्थिभंग, नसांची इजा किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. शेपूट लुळे आहे पण त्याला स्पर्श कळतच नाही, हेही धोक्याचे चिन्ह आहे, कारण लिंबर टेलमध्ये शेपटाला संवेदना असते, किंबहुना दुखतच असते. गुदग्रंथी, म्हणजे गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या लहान ग्रंथी, तुंबणे किंवा त्यांत गळू होणे हे शेपूट खाली धरण्याचे फार नेहमीचे कारण आहे. वयस्कर कुत्र्यांत कमरेच्या मणक्यांचे विकार आणि नसबंदी न झालेल्या वयस्कर नरांत प्रोस्टेटचा त्रासही असाच दिसू शकतो. ताप, उलट्या किंवा अन्न नाकारणे यांपैकी काही दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

यांपैकी काहीच नसले तरी पहिल्या चोवीस तासांत पशुवैद्यांना एकदा दाखवावे, असे माझे ठाम मत आहे. ‘आपोआप बरे होते’ हे खरे असले, तरी त्या मधल्या दिवसांत कुत्र्याने वेदना सोसत राहण्याचे कारण नाही, आणि सूज कमी करणारे औषध लवकर सुरू झाल्यास त्याचा फायदा अधिक होतो. डॉक्टरांना कुत्रा कधी, किती वेळ, कशा पाण्यात पोहला, नंतर कोरडा केला होता का, प्रवास कसा झाला आणि याआधी असे घडले होते का, हे क्रमाने सांगावे. ते कणा, शेपूट आणि गुदग्रंथी हाताने तपासतील. एक्स-रेची गरज दरवेळी पडत नाही. या दुखापतीत हाडे शाबूत असल्याने तो निर्दोष येतो आणि मुख्यतः अस्थिभंग वा मणक्याचा आजार नाही याची खात्री करण्यासाठीच तो काढला जातो.

घरची शुश्रूषा

विश्रांती हेच येथले मुख्य औषध आहे. शेपूट पुन्हा नेहमीसारखे होईपर्यंत कुत्र्याला फक्त शौच-लघवीपुरते, पट्ट्याला बांधून सावकाश फिरवावे. चेंडूचा खेळ, जिने, सोफ्यावर उड्या आणि अर्थातच पोहणे पूर्ण बंद ठेवावे. त्याला पिंजऱ्यात कोंडू नये, कारण अवघडलेल्या स्थितीत बसल्याने याच स्नायूंवर ताण येतो. उबदार, कोरड्या कोपऱ्यात जाड अंथरूण घालून ऐसपैस जागा द्यावी. आपण बाहेरून घरी परतल्यावर त्याला उत्तेजित होऊ देऊ नये, कारण जोराने हललेले शेपूट त्यालाच दुखते. लहान मुलांनाही काही दिवस शेपटाला हात न लावण्याचे समजावून सांगावे.

कोमट शेक बहुतेक कुत्र्यांना आवडतो. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला टॉवेल आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा, आणि तो सुखद वाटला तरच शेपटाच्या मुळावर पाच ते दहा मिनिटे नुसता ठेवावा. दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. नंतर जागा पूर्ण कोरडी करावी. कुत्रा अंग चोरू लागला तर आग्रह न करता थांबावे. आपल्याकडे दुखऱ्या जागी तेल चोळण्याची सवय जुनी आहे, पण सुजलेले स्नायू चोळल्याने इजा वाढू शकते, म्हणून मालिश टाळावी. माणसांसाठीचे बाम आणि मलम तर मुळीच लावू नयेत. कुत्रा ते चाटणार आणि त्यातील द्रव्ये त्याच्या पोटात जाणार. शौचाला त्रास होत असेल तर पाणी भरपूर द्यावे आणि जेवणात मीठ-मसाल्याविना उकडलेला लाल भोपळा एक-दोन चमचे मिसळावा.

औषधांबाबत मात्र कोणतीही तडजोड नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा यांच्या एकत्रित गोळ्या घरात सहज सापडतात, आणि ‘अर्धी गोळी देऊन पाहू’ हा विचार कुत्र्याच्या जिवावर बेततो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकमुळे कुत्र्यांच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; पॅरासिटामॉल यकृताला आणि रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याच्या क्षमतेला घातक ठरते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकचा वापर भारतात 2006 मध्ये बंद झाला तो गिधाडे वाचवण्यासाठी, परंतु माणसांसाठीची गोळी घराघरांत आहेच, म्हणून हा इशारा पुन्हा द्यावा लागतो. पशुवैद्य सहसा मेलॉक्सिकॅम किंवा कारप्रोफेनसारखे औषध वजनाप्रमाणे ठरवून देतात. ते जेवणानंतर, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितकेच दिवस द्यावे. कुत्र्याला आधीपासून स्टेरॉइड चालू असेल किंवा मूत्रपिंडाचा, यकृताचा त्रास असेल तर ते आवर्जून सांगावे. उलट्या, जुलाब किंवा काळी विष्ठा दिसल्यास औषध थांबवून लगेच फोन करावा.

सुधारणा टप्प्याटप्प्याने दिसते. आधी कुत्रा नीट बसू लागतो, मग शेपटाचे मूळ उचलले जाते, आणि शेवटी टोकापर्यंत जोर येतो; मधल्या काळात शेपूट एकाच बाजूला हलले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. चार-पाच दिवसांत काहीच फरक पडला नाही किंवा दोन आठवड्यांनंतरही शेपूट खालीच राहिले, तर निदान पुन्हा तपासून घ्यावे.

पुन्हा पाण्यात उतरवताना

शेपूट पूर्ववत दिसले त्याच दिवशी कुत्र्याला पाण्यात सोडू नये. आणखी आठवडाभर चालण्याचा वेळ वाढवत न्यावा, मग ऊन असताना पाच-दहा मिनिटेच पोहू द्यावे, बाहेर काढून विश्रांती द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट कसे आहे ते पाहून पुढचे ठरवावे. लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर स्वतःहून थांबत नाहीत. फेकलेली वस्तू दमून जाईपर्यंत आणून देणे हा त्यांचा स्वभावच आहे, त्यामुळे खेळ कधी संपवायचा हे मालकालाच ठरवावे लागते. पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटे चालवून अंग मोकळे करावे. बाहेर आल्यावर पाठीबरोबर शेपटाचे मूळही टॉवेलने कोरडे करावे, कारण तिथले दाट केस ओलावा सर्वांत जास्त काळ धरून ठेवतात. ओल्या अंगाने त्याला गाडीच्या एसीसमोर बसवू नये, आणि परतीचा प्रवास लांबचा असेल तर दर दोन तासांनी उतरवून चार पावले चालवावे.

काही कुत्र्यांना हा त्रास पुन्हा होतो. प्रत्येक वेळची तारीख, त्याआधीच्या दिवसाचे श्रम, हवा आणि बरे व्हायला लागलेले दिवस यांची नोंद ठेवल्यास त्या कुत्र्याची मर्यादा स्पष्ट होऊ लागते. आणि विशेष श्रम किंवा थंडी नसतानाही शेपूट पुन्हा पुन्हा लुळे पडत असेल, तर ती वही घेऊन पशुवैद्यांकडे जावे व कमरेच्या मणक्यांची सविस्तर तपासणी करून घ्यावी.