उन्हाळी संशोधनासाठी अर्ज करताय? आधी शिफारसपत्र

बीएस्सीला असताना उन्हाळ्यात दोन महिने प्रयोगशाळेत काढले की संशोधन आपल्याला झेपतं का, आवडतं का, ते कळतं. त्यासाठीची ही तयारी. गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो हे सांगायला नकोच.

शिफारसपत्राचं मात्र पुन्हापुन्हा सांगणार आहे. ते सर किंवा मॅडम स्वतः पाठवतात, आपल्या हातात नसतं. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून जी उन्हाळी फेलोशिप देतात, तिची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते. नेमक्या त्याच सुमारास सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी! गेल्या वेळी माझा अर्ज तिथेच अडला. म्हणून सप्टेंबरातच विचारा. तोंडी ‘हो’वर विसंबू नका, बायोडेटा, त्यांच्याकडे केलेलं काम आणि शेवटची तारीख एका ईमेलमध्ये पाठवा. हजेरीपटावरूनच ओळखणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा, टायट्रेशन फसल्यावर तुम्ही ते पुन्हा लावलेलं ज्यांनी पाहिलंय, ते शिक्षक बरे. चार खऱ्या ओळी तेच लिहू शकतात.

मग अर्जातलं, तिथे काय संशोधन करायचंय त्याचं टिपण. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य खोडा, ते सगळेच लिहितात. ज्यांच्याकडे जायचंय त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध घ्या. सगळा कळणार नाही. निदान एक आकृती, तिचे दोन्ही अक्ष काय दाखवतात इथपासून, नीट समजेपर्यंत बसा आणि तिच्याबद्दल पडलेला प्रश्न टिपणात लिहा. पन्नास प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवू नका, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

शिफारसपत्राचं शिक्षकांना विचारलंत का? शिक्षकांचा ईमेल पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. पत्र पाठवण्यासाठीचा दुवा त्यांना ईमेलने गेला की स्पॅममध्ये पडू शकतो. मुदतीच्या आठवडाभर आधी स्वतः जाऊन आठवण करा. संकोच वाटतो, तरी जा.

एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नका. टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रम आहे, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम आहे, आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या संस्था आहेत. प्रत्येकाची पात्रता आणि तारखा वेगळ्या. संकेतस्थळावर बघून घ्या.

निवड झाली की कॉलेजचं ना-हरकत पत्र, राहण्याची सोय, तिकीट. प्रयोगाची वही रोज तारीख घालून लिहा. आणि परत निघण्याआधीच तिथल्या मार्गदर्शकांना शिफारसपत्राचं विचारून ठेवा; वर्षभराने तुमचं काम त्यांना एवढं बारकाईने आठवणार नाही.